विश्लेषण : ‘खाष्ट सासू’ ललिता पवार विनोदी भूमिकांमध्ये इतक्या का शोभल्या?

लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात झाली आणि विशीतल्या अनेकांनी मंथरा पहिल्यांदाच नीट पाहिली. एक डोळा बारीक, पाठीला कुबड, कैकेयीच्या कानाशी लागून कुजबुजणारी म्हातारी. घरातल्या मोठ्यांना मात्र तिची ओळख करून द्यावी लागली नाही. ‘अगं, ही तर ललिता पवार!’ हे वाक्य तेव्हा घराघरात ऐकू आलं असेल.

सुनेला छळणारी सासू आणि कान भरणारी मंथरा, एवढीच ललिता पवार यांची ओळख बहुतेकांच्या मनात असते. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. हिंदी सिनेमातल्या काही अतिशय गमतीदार व्यक्तिरेखाही याच अभिनेत्रीने केल्या आहेत. आणि गंमत अशी, की या दोन्ही प्रकारच्या भूमिका एकाच चेहऱ्यावर उभ्या होत्या. हा चेहरा घडला कसा, ते समजून घेऊ.

येवल्याची अंबा पडद्यावर कशी आली?

ललिता पवार यांचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात झाला. मूळ नाव अंबा लक्ष्मण सगुण. वडील कापडाचे व्यापारी होते. सिनेमा मुका होता त्या काळात अंबा बालकलाकार म्हणून कॅमेऱ्यासमोर आली.

पुढे त्या मूकपटांच्या नायिका झाल्या. ‘कैलाश’ (१९३२) या मूकपटात त्यांनी काम केलंच, शिवाय त्याच्या सहनिर्मात्याही त्याच होत्या. त्या वेळी त्यांचं वय होतं अवघं १६. बोलपट आल्यावर मूकपटांच्या अनेक कलाकारांचं काम थांबलं. ललिताबाई मात्र टिकल्या. ‘हिम्मत-ए-मर्दां’ (१९३५) मधली त्यांची नायिका त्या काळाच्या मानाने बरीच धीट होती. ‘दुनिया क्या है’ (१९३८) हा बोलपटही त्यांनी स्वतः निर्माण केला. मास्टर विनायक यांच्या ‘अमृत’ (१९४१) या चित्रपटातही त्या होत्या.

थोडक्यात, पंचविशीपर्यंत त्या नायिका होत्या, निर्मात्याही होत्या. सासू वगैरे भूमिकांशी त्यांचा काही संबंध नव्हता.

‘त्या’ थपडेचं नेमकं प्रकरण काय?

१९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात एक थप्पड मारण्याचा प्रसंग होता. समोर होते भगवान, म्हणजे पुढे ‘अलबेला’मुळे घराघरात पोहोचलेले भगवानदादा. अभिनयाच्या भरात हात जरा जास्तच जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला. उपचार बराच काळ चालले, तरी डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला.

आज मारामारीच्या दृश्यासाठी फाइट मास्टर असतो, हात किती अंतरावरून फिरवायचा याची तालीम होते आणि उरलेलं काम आवाज व एडिटिंग करतं. तेव्हा यातलं फारसं काही नव्हतं. हा अपघात होता, कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण किंमत एकाच व्यक्तीला मोजावी लागली. क्लोजअपमध्ये दोन्ही डोळे सारखे दिसत नाहीत, अशा २६ वर्षांच्या तरुणीला नायिकेचं काम मिळणं त्या काळात जवळपास अशक्य होतं.

त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. सिनेमा सोडायचा, किंवा नायिका होण्याचं सोडायचं. त्यांनी दुसरी निवडली.

खाष्ट सासूचा शिक्का कसा बसला?

‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ (१९४४) मध्ये त्यांनी आनंदीबाई साकारली. ‘ध’ चा ‘मा’ करणाऱ्या आनंदीबाईची गोष्ट मराठी माणसाला शाळेपासून माहीत असते, त्यामुळे ही भूमिका लोकांच्या मनात ठसली. मग व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’ (१९५०) मध्ये हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू आली. त्यानंतर हा शिक्का पुसला गेला नाही. बारीक झालेला डोळा आता दोष राहिला नव्हता. प्रेक्षकांना त्यातच कावेबाजपणा दिसू लागला.

वयाचा हिशेबही पाहा. ‘दाग’ (१९५२) मध्ये त्या दिलीपकुमार यांच्या आई होत्या. प्रत्यक्षात दोघांच्या वयात सात वर्षांचंही अंतर नव्हतं. नायक चाळिशीनंतरही नायक राहत होते. नायिका तिशीत आई व्हायची, आणि ललिताबाई तर तिशीतच सासू झाल्या होत्या.

मग विनोद कुठून आला?

१९५५ या एकाच वर्षात त्यांचे दोन गाजलेले चित्रपट आले. राज कपूर यांच्या ‘श्री ४२०’ मध्ये त्या केळी विकणाऱ्या गंगामाई होत्या. गावाकडून आलेला नायक त्यांच्याशी उलटीच घासाघीस करतो, म्हणजे गिऱ्हाईकच भाव वाढवून मागतं! आधी चिडणारी आणि मग याच वेड्या पोराला माया लावणारी ही गंगामाई सगळ्या चित्रपटाला ऊब देते.

दुसरा चित्रपट गुरुदत्त यांचा ‘मिस्टर अँड मिसेस ५५’. यात मधुबालाची पुरुषद्वेष्टी आत्या सीतादेवी त्यांनी रंगवली. ठरावीक मुदतीत लग्न झालं तरच भाचीला वारसा मिळणार असतो. म्हणून आत्या पैसे देऊन एक बेकार व्यंगचित्रकार नवरा म्हणून आणते आणि घटस्फोटाचीही तयारी करून ठेवते. हिंदू विवाह कायदा झाला तो याच वर्षी. त्यामुळे स्त्री-स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या बाईची ही टिंगल आज खटकते, आणि ते योग्यच आहे. पण ललिताबाईंनी सीतादेवीला बावळट केलं नाही. तिचं बोलणं ठाम आणि चालणं ताठ ठेवलं. हसू येतं ते तिचे बेत एकामागून एक फसतात म्हणून.

‘जंगली’ (१९६१) मध्ये तर त्या हसायलाच मनाई असलेल्या घराच्या मालकीण होत्या. शम्मी कपूरच्या ‘याहू’ला जोर येतो, कारण त्याच्याआधी आईचा तो दगडी चेहरा आपण पाहिलेला असतो.

‘प्रोफेसर’मध्ये विशेष काय होतं?

लेख टंडन यांचा ‘प्रोफेसर’ (१९६२) ही त्यांची सर्वांत पूर्ण विनोदी भूमिका म्हणता येईल. इथेही नाव सीतादेवीच आणि नायकाचं नाव पुन्हा प्रीतम. भाच्यांना शिस्तीत वाढवणाऱ्या या बाईला घरी शिक्षक हवा असतो, पण वयस्कर. नोकरीची गरज असलेला तरुण प्रीतम, म्हणजे शम्मी कपूर, पांढरी दाढी लावून प्रोफेसर बनतो. आणि सीतादेवी या म्हाताऱ्या प्रोफेसरच्या प्रेमात पडते.

आयुष्यभर भुवया ताणून वावरलेली बाई आरशासमोर बसून नटते, लाजते. सगळं थिएटर हसतं. हा प्रसंग सहज अश्लील किंवा केविलवाणा झाला असता. प्रौढ बाईला प्रेम होणं हाच आपल्याकडे एक विनोद मानला जात होता, आजही मानला जातो. ललिताबाईंनी ते लाजणं मनापासून केलं, कुठेही वेडावून दाखवलं नाही. म्हणून शेवटी फसवणूक कळते तेव्हा मघाशी हसणाऱ्या प्रेक्षकालाच अपराधी वाटतं.

त्यांच्या विनोदाचं उत्तर इथे सापडतं. त्या विनोद करायला जात नसत. आधी धाक बसवत, मग त्या धाकाला तडा जाऊ देत. धाक खरा वाटला नसता, तर हसूही आलं नसतं. सासूसाठी उपयोगी पडलेला तोच चेहरा इथेही कामी आला.

पुरस्कार आणि दोन डिसा

हृषीकेश मुखर्जी यांनी हे अचूक ओळखलं होतं. ‘अनाडी’ (१९५९) मधली भाड्यासाठी कटकट करणारी, पण राज कपूरवर आईसारखी माया करणारी घरमालकीण मिसेस डिसा त्यांनी ललिताबाईंना दिली. अर्धा चित्रपट हसवणारी ही डिसा सदोष औषधाने मरते आणि तिथून चित्रपट गंभीर होतो. या भूमिकेला सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला.

१२ वर्षांनी ‘आनंद’ (१९७१) मध्ये मुखर्जींनी त्यांना पुन्हा तेच आडनाव दिलं. कडक शिस्तीची आणि राजेश खन्नाच्या बडबडीपुढे विरघळणारी मेट्रन डिसा आठवते ना? तीच.

अखेर कशी झाली?

मंथरा त्यांनी आधी ‘संपूर्ण रामायण’ (१९६१) मध्ये केली होती. १९८७ मध्ये रामानंद सागर यांच्या मालिकेत ती पुन्हा आली, तेव्हा त्या सत्तरी ओलांडलेल्या होत्या. मूकपटापासून टीव्हीपर्यंत काम केलेले कलाकार आपल्याकडे मोजकेच आहेत.

शेवटची वर्षं पुण्यात गेली. तोंडाच्या कर्करोगाने त्या आजारी होत्या. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी औंधमधल्या घरी त्यांचं निधन झालं, तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. पती रुग्णालयात होते. शेकडो चित्रपटांत पडद्यावरची घरं दणाणून सोडणारी ही बाई गेली, हे जवळच्यांना लगेच कळलंही नाही.

आजही एखाद्या सासूला टोमणा मारताना त्यांचं नाव घेतलं जातं. अभिनय इतका खरा वाटणं ही दाद आहेच. पण पुढच्या वेळी ते नाव कानावर आलं, तर ‘प्रोफेसर’ लावून आरशासमोरची सीतादेवी एकदा बघा. त्यात त्यांचे दोन्ही डोळे हसताना दिसतात.