जखमेत पू होणं चांगलं समजलं जायचं, त्या काळात लिस्टरने पट्टीलाच औषध बनवलं

शुगर असलेल्या माणसाच्या पायाची जखम चिघळली की आजकाल डॉक्टर बऱ्याचदा साधा कापूस आणि पट्टी बांधत नाहीत. ते जखमेवर थंडगार, जेलीसारखी पट्टी ठेवतात. काही पट्ट्यांच्या जेलमध्ये चांदीचा अंश असतो, काहींमध्ये आयोडिन. जेल जखम ओलसर ठेवतं, औषध हळूहळू सोडतं आणि पट्टी काढताना नव्या मांसाचे लचके निघत नाहीत.

दिसायला साधी गोष्ट. पण यामागे एक जुनं कोडं आहे. जे औषध जंतूंना मारतं, ते माणसाच्या मांसालाही मारतं. मग जंतू मेले पाहिजेत आणि मांस जगलं पाहिजे, हे जमवायचं कसं?

या कोड्याचा जवळपास २५ वर्षं पिच्छा पुरवणारा माणूस म्हणजे जोसेफ लिस्टर. आपल्याकडे त्याचं नाव माहीत आहे ते माऊथवॉशच्या बाटलीमुळे. खरं तर ते औषध अमेरिकेत दुसऱ्यांनीच बनवलं आणि नाव तेवढं त्याचं दिलं.

लिस्टरचा जन्म ५ एप्रिल १८२७ चा, इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातल्या अप्टनचा. घराणं क्वेकर पंथाचं, म्हणजे साधं राहणारं, भपका न करणारं. वडील वाईनचे व्यापारी होते, पण त्यांना नाद होता भिंगांचा. धूसर, रंगीत कडा दाखवणाऱ्या त्या काळच्या सूक्ष्मदर्शकात त्यांनी अशी सुधारणा केली की रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं. पोराच्या हाती लहानपणीच चांगला सूक्ष्मदर्शक आला. पुढे बाकीचे सर्जन ज्या गोष्टींवर विश्वास ठेवायला तयार नव्हते, त्यावर लिस्टरने ठेवला, त्याचं मूळ बहुतेक इथंच असावं.

लंडनला डॉक्टर होऊन तो १८५३ साली एडिंबराला गेला. तिथले नामांकित सर्जन जेम्स साईम यांच्या हाताखाली शिकला आणि १८५६ साली त्यांच्याच मुलीशी, ॲग्नेसशी लग्न केलं. मुलगी पंथाबाहेरची, म्हणून लिस्टरने क्वेकर पंथ सोडला. हनिमूनला गेलेल्या या जोडप्याने युरोपातली हॉस्पिटलं बघितली! त्यांना मूलबाळ झालं नाही. लिस्टरच्या प्रयोगांच्या वह्यांमध्ये पानंच्या पानं ॲग्नेसच्या अक्षरात आहेत.

१८६० साली तो ग्लासगोला प्राध्यापक झाला आणि पुढच्या वर्षी तिथल्या रॉयल इन्फर्मरीत सर्जन.

तेव्हाची हॉस्पिटलं कशी होती, तर ऑपरेशन यशस्वी व्हायचं आणि पेशंट आठवड्याभरात जायचा. बेशुद्धीचं औषध आलं होतं, त्यामुळे ऑपरेशनं वाढली आणि सडणाऱ्या जखमाही वाढल्या. सर्जनच्या कोटावर रक्ताचे थर असायचे आणि ते अनुभवाचं लक्षण मानलं जायचं. जखमेतून घट्ट पिवळा पू आला तर डॉक्टर खूश व्हायचे, कारण तो बरं होण्याचा भाग आहे असं शिकवलं जायचं. दोष हवेला दिला जायचा, तोही घाण वासाच्या हवेला.

१८६५ च्या सुमारास रसायनशास्त्राचे प्राध्यापक थॉमस अँडरसन यांनी लिस्टरला लुई पाश्चरचे लेख वाचायला सुचवले. दूध आणि वाईन नासतं ते हवेतल्या सूक्ष्म जीवांमुळे, असं पाश्चरचं म्हणणं होतं. लिस्टरने विचार केला, मग जखमही तशीच नासत असणार. पाश्चर द्रव उकळून जंतू मारत होता, पण माणसाचा पाय काही उकळता येत नाही.

त्याच सुमारास कार्लाईल शहरात गटाराच्या पाण्याचा वास मारायला कार्बोलिक ॲसिड टाकत होते. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारं हे रसायन. जुन्या लाल साबणाला जो वास यायचा, तोच याचा. ते पाणी सोडलेल्या शेतात चरणाऱ्या गुरांचे परोपजीवीही कमी झाले, हे लिस्टरच्या कानावर आलं. त्याने ते मागवलं.

पहिला प्रयत्न फसला. मग १२ ऑगस्ट १८६५ ला ११ वर्षांचा जेम्स ग्रीनलीस आला. गाडीचं चाक पायावरून जाऊन नडगीचं हाड मोडलं होतं आणि कातडी फाटली होती. अशा जखमेत बऱ्याचदा पाय कापावा लागायचा. लिस्टरने कार्बोलिकमध्ये भिजवलेलं कापड जखमेवर ठेवलं आणि औषध उडून जाऊ नये म्हणून वर कथलाचा पत्रा लावला. चार दिवसांनी पट्टी उघडली तर पू नाही. फक्त कार्बोलिकमुळे आजूबाजूची कातडी भाजल्यासारखी झाली होती. सहा आठवड्यांत हाड जुळलं.

१८६७ साली त्याने ‘लॅन्सेट’मध्ये असे ११ पेशंट मांडले. त्याच वर्षी त्याच्या बहिणीच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. लिस्टरने स्वतःच्या घरी तिचं ऑपरेशन केलं. जखम न चिघळता भरली आणि ती पुढे जवळपास तीन वर्षं जगली. ग्लासगोतले अवयव कापण्याच्या ऑपरेशनांचे त्याचेच आकडे बघा. १८६४ आणि १८६६ मिळून ३५ पैकी १६ पेशंट दगावले होते. १८६७ ते १८६९ मध्ये ४० पैकी ६.

टीकाही झाली. कार्बोलिक फ्रान्समध्ये आधीच वापरलं गेलंय, यात नवीन ते काय, असं जेम्स सिम्पसनने सुनावलं. ते खरंही होतं. पण लिस्टरचं काम औषधात नव्हतं, पट्टीत होतं. भाजलेली कातडी त्याने विसरायची नाही असं ठरवलेलं दिसतं, कारण पुढची सगळी खटपट तिच्याभोवतीच आहे.

आधी त्याने कार्बोलिक तेलात मिसळलं. मग खडूची पूड आणि जवसाचं तेल घालून त्याची लांबी बनवली, खिडकीची काच बसवायला लावतात तशी. मग त्याने लाख घेतली. हो, आपल्या बांगड्यांची लाख, जी तेव्हा मुख्यतः भारतातूनच जायची. लाख कार्बोलिकला धरून ठेवायची आणि थोडं थोडं सोडायची. म्हणजे औषध बाहेरून पहारा देणार, आत मांसावर एकदम तुटून पडणार नाही.

एडिंबराला परतल्यावर १८७० च्या आसपास आली गॉझची पट्टी. विरळ कापडात कार्बोलिक, राळ आणि पॅराफिन. राळेमुळे औषध हळू सुटायचं, पॅराफिनमुळे पट्टी चिकटायची नाही. असे आठ पदर. सगळ्यात वरच्या पदराखाली रबर लावलेलं कापड, म्हणजे जखमेचा स्राव सरळ वर न येता औषधातून आडवा पसरत जाईल. आणि जखमेला लागून तेल-व्हार्निश दिलेलं रेशीम, मांसाला कार्बोलिकपासून वाचवण्यासाठी. स्वतःच्याच औषधापासून पेशंटला वाचवणारा थर!

चुकाही झाल्या. हवेतल्या जंतूंच्या भीतीने १८७१ पासून तो ऑपरेशनच्या वेळी कार्बोलिकचा फवारा मारू लागला. सगळे खोकायचे, हात सोलवटायचे. त्याच वर्षी बाल्मोरलला व्हिक्टोरिया राणीच्या काखेतलं गळू कापलं, तेव्हा फवारा राणीच्या तोंडावरही गेला म्हणतात. स्वतः लिस्टर मात्र नुसता कोट काढून, बाह्या सरसावून, पुढे टॉवेल टाचून ऑपरेशन करायचा. १८९० साली बर्लिनच्या परिषदेत त्याने फवाऱ्याची चूक जाहीरपणे मान्य केली. जगात इतकं नाव झाल्यावर हे सोपं नव्हतं.

१८७७ पासून तो लंडनच्या किंग्ज कॉलेजात होता. तिथेही पट्टी बदलतच राहिली. १८८९ साली त्याने पारा आणि जस्ताच्या सायनाईडचा गॉझ आणला. हे मीठ सहज उडून जायचं नाही आणि जखमेला कार्बोलिकइतकं झोंबायचं नाही.

लिस्टर गेल्यावर काही वर्षांतच पहिल्या महायुद्धात अलेक्झांडर फ्लेमिंगने दाखवलं की खोल जखमेत ओतलेली कडक औषधं जंतूंआधी शरीराच्या पांढऱ्या पेशी मारतात. १९६२ साली जॉर्ज विंटरने डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं की झाकून ओली ठेवलेली जखम खपली धरलेल्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने कातडी धरते. जेलच्या पट्ट्या त्यानंतरच्या. औषध हळू सोडायचं, चिकटायचं नाही, मांसाला जपायचं, ही यादी मात्र राळ आणि पॅराफिनच्या वेळचीच.

१८९३ साली इटलीत फिरायला गेले असताना ॲग्नेस वारली. त्यानंतर लिस्टरने प्रॅक्टिस सोडल्यात जमा होती. तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, १८९७ साली लॉर्ड झाला. १० फेब्रुवारी १९१२ ला वॉल्मरला त्याचं निधन झालं. वेस्टमिन्स्टर ॲबीत प्रार्थना झाली, तिथे दफनाचीही तयारी होती. पण तो आधीच सांगून गेला होता. त्याला हॅम्पस्टेडच्या दफनभूमीत, ॲग्नेसच्या शेजारी ठेवलं.