घराघरातली लक्ष्मी आणि तिचा चित्रकार

आपल्यापैकी कितीतरी घरांत देव्हाऱ्याच्या वर एक जुनी तसबीर असते. कमळावर उभी लक्ष्मी, मागे सोंडेत माळ धरलेला हत्ती. किंवा खडकावर बसलेली, पांढऱ्या साडीतली, वीणा वाजवणारी सरस्वती आणि जवळ मोर. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यातही ती होती. काच तडकली तरी आजीने तसबीर बदलू दिली नाही. लक्ष्मी अशीच दिसते, असे आम्ही लहानपणी धरून चाललो होतो. तिला हे रूप एका माणसाने दिले, हे पुष्कळ उशिरा कळले. त्या माणसाचे नाव राजा रविवर्मा. यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र लिहायला आम्ही बसलो त्याला एक कारण आहे. ते शेवटी सांगतो, कारण त्यात आमचीच चूक आहे.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातल्या किळिमानूर येथे झाला. घराणे त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरीक असलेले. लहानपणी घराच्या भिंतींवर ते कोळशाने चित्रे काढीत. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढणारे असल्याने त्यांनी भाच्याला रागावण्याऐवजी हाताला धरून शिकवले आणि पुढे त्रिवेंद्रमला महाराजांकडे नेले. तैलरंग तेव्हा आपल्याकडे नवे होते. दरबारात आलेले परदेशी चित्रकार कसे काम करतात ते पाहून, चुकत-माकत, रविवर्मा हे तंत्र शिकले.

१८७३ साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या नायर स्त्रीच्या चित्राला बक्षीस मिळाले आणि नाव सर्वदूर गेले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रे काढून घेतली. त्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांनी उत्तरेत प्रवास केला, ठिकठिकाणचे पेहराव पाहिले. त्यांच्या कितीतरी नायिकांच्या अंगावर आपल्या आया-आज्यांचे नऊवारी लुगडे दिसते ते उगाच नाही. ही चित्रे लोकांसाठी मांडली तेव्हा बघ्यांची रीघ लागली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही त्यांच्या चित्रांना पारितोषिके मिळाली.

पण राजवाड्यातले चित्र किती लोक पाहणार? सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण राहिलेले. मुलूख सोडून पिढ्या लोटल्या तरी मराठीपण राखलेले हे गृहस्थ. आपल्यासारख्या सीमेपलीकडच्या मराठी माणसांना ते जवळचे वाटावेत. चित्रांच्या रंगीत प्रती छापून काढाव्यात, म्हणजे मागणी पुरवता येईल, असे त्यांनी रविवर्मांना सुचवले होते. १८९४ साली मुंबईत गिरगावात रविवर्मांचा छापखाना सुरू झाला. यंत्रे जर्मनीची, कारागीरही जर्मन. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, त्यावर उलटे चित्र काढायचे, आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग चढवायचे. एखादा दगड केसभर सरकला तरी देवीचा ओठ गालावर जायचा. इतक्या खटाटोपातून निघालेले चित्र गरिबाच्या घरातही टांगता येऊ लागले. ज्यांना देवळात पाऊल टाकू दिले जात नव्हते, त्यांच्याही भिंतीवर देव आला. रविवर्मांचे खरे मोठेपण आम्हाला यात वाटते.

मुंबईत प्लेगची साथ आली, भागीदारी मोडली, कर्ज वाढले. छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला. आणि या साऱ्यांत एक जुने दुखणे होतेच. चित्र लोकप्रिय झाले की दुसरे छापखाने ते उचलत. बाजारातून एक प्रत विकत आणायची, तिच्यावरून दगड तयार करायचा, साडीचा रंग जरा बदलायचा, की झाले. चित्रकाराचे मानधन नाही, प्रवास नाही, महिनोन्‌महिन्यांची बैठक नाही. खर्च फक्त कागदाचा आणि शाईचा. त्यामुळे नक्कल नेहमी अस्सलापेक्षा स्वस्त. पुढे तर ही चित्रे काड्यापेटीवर आली, कापडाच्या ताग्यावरच्या तिकिटावर आली, दुकानांच्या कॅलेंडरांवर आली. लक्ष्मीच्या नावाने कितीतरी जणांचे गल्ले भरले. ज्याने ती रंगवली त्याचे नाव बहुतेक ठिकाणी खाली नव्हते.

दाद मागायची तर कोणाकडे? आपल्याकडे १८४७ चा कायदा होता, पण तो पुस्तकांसाठी. चित्रे आणि छायाचित्रे यांना स्पष्ट संरक्षण देणारा कायदा आला १९१४ साली. तोवर रविवर्मांना जाऊन आठ वर्षे झाली होती.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच त्यांनी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. चित्रे छापण्याचे हक्कही त्याबरोबर गेले. हा व्यवहार रीतसर होता. पण छापखान्याचे नाव रविवर्मांचेच राहिले आणि तिथे इतर चित्रकारांचीही चित्रे छापली जाऊ लागली. लोक ती सारी रविवर्मांचीच समजत. म्हणजे कुठे त्यांचे चित्र होते आणि नाव नव्हते, तर कुठे नाव होते आणि चित्र दुसऱ्याचे. याच छापखान्यासाठी दादासाहेब फाळके यांनीही काही काळ काम केले. पुढे १९१३ साली त्यांनी आपला पहिला चित्रपट लोकांपुढे आणला.

१९०२ साली रविवर्मा बंधू हैदराबादला आले होते. आपला बिदर जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ सिकंदराबादला राहत. त्यांचा आणि या बंधूंचा स्नेह होता. दीनदयाळांची एक शिस्त सांगण्यासारखी आहे. फोटोवर आपले नाव आणि काचेचा क्रमांक घालण्याची त्यांची पद्धत होती. म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही हा फोटो त्यांचा, असे बोट ठेवून सांगता येते.

१९०५ च्या आरंभी बंधू राजराज वर्मा गेले. ज्याच्या आधाराने सारा संसार आणि धंदा चालला तोच गेल्याने रविवर्मा खचले. मधुमेहही होता. २ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी देह ठेवला. वय अठ्ठावन्न. मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत सापडला आणि त्यातले पुष्कळ काही गेले. तसबिरी मात्र आपल्या भिंतींवर राहिल्या.

आता आमच्या चुकीकडे येतो. गेल्या वर्षी स्मरणिकेचे काम आमच्याकडे होते. मुखपृष्ठासाठी विसर्जन मिरवणुकीचा एक सुंदर फोटो व्हॉट्सॲपवर सापडला. गुलालात न्हालेली पोरे, मागे हैदराबाद रस्त्यावरचे दिवे. आम्ही तो छापून टाकला. काढला कोणी, हे विचारलेही नाही. दिवाळीत तोच फोटो आमच्या स्मरणिकेवरून उचलून एका व्यापाऱ्याने आपल्या फ्लेक्सवर आणि नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर घातला. मग एके संध्याकाळी एक फोटोग्राफर आमच्या दारी आला. गावचाच पोरगा, लग्नामुंजीचे फोटो काढून घर चालवणारा. तो भांडला नाही. त्या व्यापाऱ्याला तुम्ही दोन शब्द सांगा, एवढेच त्याचे म्हणणे होते. आम्ही गप्प बसलो. कोणत्या तोंडाने सांगणार? पहिली चोरी आमचीच होती.

आम्ही सरकारी नोकर. कचेरीत सही-शिक्क्याशिवाय कागद हलत नाही. डिप्लोमाला असताना ड्रॉइंग शीटच्या उजव्या कोपऱ्यात नाव नसेल तर मास्तर शीट तपासत नसत. आणि एवढी साधी गोष्ट आम्हाला गणपतीच्या फोटोच्या वेळी सुचली नाही.

मग आम्ही कायदा वाचला. आज १९५७ चा कायदा लागू आहे. फोटो काढणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे राहतो. पैसे देऊन आपण फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर तो हक्क काढून घेणाऱ्याचा. पण मिरवणुकीचा तो फोटो पोराने आपल्या हौसेने काढला होता. कोणी त्याला एक रुपया दिला नव्हता, म्हणजे हक्क त्याचाच. रविवर्मांची चित्रे आता मुदत संपल्याने सर्वांची झाली आहेत. ती कोणीही छापावी. या पोराच्या फोटोचे तसे नाही.

आम्ही त्याची माफी मागितली आणि व्यापाऱ्याकडे त्याच्याबरोबर गेलो. फोटोची मूळ फाईल, तिच्यावरची तारीख आणि आमचे लेखी कबुलीपत्र पुढे ठेवले. सुरुवातीला व्यापारी हसला. गणपती सगळ्यांचा, असे म्हणाला. गणपती सगळ्यांचा हे खरेच, पण पहाटेपर्यंत गुलालात उभा राहिलेला माणूस एकच होता. कबुलीपत्र वाचून त्याचे हसू ओसरले. चहा झाला, पैसे मिळाले. फार नव्हते, पण रीतसर पावती झाली.

यंदाच्या मुखपृष्ठावरचा फोटोही त्याच पोराचा आहे. विचारून, मानधन देऊन घेतला आहे, आणि खाली त्याचे नाव आहे. वाचकांनी उदबत्ती लावून स्मरणिका ठेवून देण्याआधी ते बारीक अक्षर एकदा जरूर वाचावे. गणपती बाप्पा मोरया!