कै. रमाबाई रानडे आणि स्त्रियांचें मत

विलायतेंत मताच्या हक्कासाठीं स्त्रियांनीं खिडक्यांच्या कांचा फोडल्या व तुरुंगवास भोगला; १९१८ सालीं तेथील तीस वर्षांवरील कित्येक स्त्रियांस तो हक्क मिळाला. तेव्हांच्या मुंबई इलाख्यांत हेंच कार्य रमाबाई रानडे यांनीं निराळ्या मार्गानें केलें.

रमाबाई मूळच्या देवराष्ट्रें गांवच्या. १८७३ सालीं न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे यांच्याशीं विवाह झाला, तेव्हां त्यांस अक्षरओळख नव्हती. पतीनें शिकविलें. घरांतील वडील बायकांनीं टोमणे मारिले, तरी त्यांनीं पाटी खालीं ठेविली नाहीं. १९०१ सालीं वैधव्य आलें. पुढें १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढून त्यांनीं अनेक निराधार स्त्रियांस स्वावलंबी केलें. सक्तीचें प्राथमिक शिक्षण मुलींसही मिळावें म्हणून १९२० च्या सुमारास त्या पुण्यांत झगडल्या.

१९१९ च्या कायद्यानें स्त्रियांच्या मताचा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोंपविला होता. रमाबाईंनीं सभा भरवून ही मागणी नेटानें मांडिली. १९२१ सालीं मुंबई कायदेमंडळानें ती मान्य केली. ठाणें-कल्याणासह साऱ्या इलाख्यांतील मिळकतदार स्त्रियांस मत मिळालें. १९२४ सालीं रमाबाई निवर्तल्या. निरक्षर, भूमिहीन मजूर बाईस मात्र १९५१-५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत वाट पाहावी लागली.

वाचकहो, आज ती बाई मतदानाच्या रांगेंत पुरुषांबरोबर उभी राहते. इतक्या कष्टांनीं मिळालेलें तिचें मत घरधन्यानें ठरवूं नये, व कोणीं पैशानें विकत घेऊं नये.