गणितविदुषी ग्रेस हॉपर

भोर तालुक्यातील आंबवडे गावी गेलेला प्रवासी नागेश्वराचे देवालय पाहतो, ओढ्यावरील झुलता पूल पाहतो आणि शंकराजी नारायण सचिव यांच्या समाधीपाशी क्षणभर थांबतो. सचिव म्हणजे राज्याच्या दफ्तराचा धनी. राजपत्रांतील मजकूर तपासून शुद्ध करावयाचा व महाल-परगण्यांचे हिशेब पाहावयाचे, हे त्याचे काम. पुढे छत्रपतींचा कारभार पेशव्यांकडे गेला, पेशवाई जाऊन इंग्रज आले. परंतु जमिनीचा किंवा वतनाचा वाद उपस्थित झाला की जुनी मोडी कागदपत्रेच बाहेर काढावी लागत, आणि नव्या अंमलदारास ती वाचून दाखविण्यासाठी मोडी जाणणारा कारकून लागे. जुने दफ्तर टाकून देता येत नाही व नव्या माणसास ते वाचताही येत नाही, अशा वेळी मधल्या दुभाष्याचे महत्त्व किती, हे आपल्या प्रांतातील लोकांस वेगळे सांगावयास नको.

हिशेबांची दफ्तरे आता संगणकांत गेली आहेत. पण अडचण मात्र तीच राहिली आहे. जगातील कित्येक मोठ्या बँका व विमा कंपन्या यांच्या खातेवह्या मेनफ्रेम नावाच्या प्रचंड संगणकांवर आहेत, आणि त्यांवरील काही आज्ञावल्या पन्नास-साठ वर्षांपूर्वी लिहिलेल्या आहेत. ही यंत्रे बंद करता येत नाहीत, कारण कोट्यवधी लोकांचा पैसा त्यांत नोंदलेला असतो. मग हातातील मोबाइलवरून पैसे पाठविणाऱ्या आजच्या गिऱ्हाइकाचा त्या जुन्या खातेवहीशी संबंध जोडावयाचा कसा? आपल्या शाळेतील मुलांच्या पालकांपैकी ज्यांची नोकरी पुण्यातील संगणक-कचेऱ्यांत आहे, त्यांस हा प्रश्न चांगला परिचित असेल. ज्या भाषेत या जुन्या आज्ञावल्या बहुतांशी लिहिल्या गेल्या त्या भाषेची पायवाट जिने प्रथम पाडली, त्या अमेरिकन विदुषीचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. वडील विम्याचा व्यवसाय करीत. आईस गणिताची गोडी होती. ग्रेस सात वर्षांची असता घरातील गजराचे घड्याळ आत कसे चालते हे पाहण्यासाठी तिने ते खोलले. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे खोलले, मग तिसरे. अशी सात घड्याळे तिने मोकळी करून टाकली. आईने रागे न भरता एवढाच निर्बंध घातला की, यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करावा! पुढे रक्तवाहिन्यांच्या विकाराने वडिलांचे दोन्ही पाय कापावे लागले. लाकडी पायांवर ते कामावर जात. मुलींना मुलाइतकेच शिक्षण मिळावे व प्रसंग आल्यास त्यांस स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी अमेरिकेतही हा विचार सार्वत्रिक नव्हता.

व्हासार कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत ग्रेस प्रथम लॅटिन विषयात नापास झाली. वर्षभर पुन्हा अभ्यास करून तिने प्रवेश मिळविला व १९२८ साली गणित आणि पदार्थविज्ञान घेऊन पदवी संपादन केली. येल विद्यापीठातून १९३० साली एम. ए. व १९३४ साली गणितातील डॉक्टरेट, अशा पुढील पायऱ्या तिने भराभर चढल्या. १९३० सालीच व्हिन्सेंट हॉपर या प्राध्यापकाशी तिचा विवाह झाला. हा संसार पुढे टिकला नाही. परंतु हॉपर हे नाव मात्र कायम राहिले. १९३१ पासून ग्रेसबाई व्हासारमध्येच गणित शिकवू लागल्या.

येथेच त्यांचे आयुष्य एखाद्या सुखी प्राध्यापिकेप्रमाणे गेले असते. पण १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका महायुद्धात ओढली गेली. ग्रेसबाईंचे एक पूर्वज नौदलात अधिकारी होते. आपणही नौदलात जावे असे त्यांच्या मनाने घेतले. वय सदतिशीच्या घरात आणि वजन नियमापेक्षा पंधरा पौंड कमी, या दोन कारणांनी त्यांस प्रथम नकार मिळाला. त्यांनी वजनाबद्दल सवलत मिळविली, कॉलेजातून रजा काढली आणि डिसेंबर १९४३ मध्ये स्त्रियांच्या राखीव दलात नाव घातले. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तेथे हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली मार्क-एक हे गणनयंत्र नुकतेच चालू झाले होते. हे यंत्र एक्कावन्न फूट लांब व आठ फूट उंच होते आणि एका सेकंदास तीन बेरजा करी. आजच्या मुलांस याचे हसू येईल. पण त्या काळी ते आश्चर्यच होते. यंत्रासाठी आज्ञा रचून त्या कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपाने उतरवीपर्यंत माणसे रात्रंदिवस खपत. या यंत्राची पाचशेहून अधिक पृष्ठांची मार्गदर्शिका ग्रेसबाईंनी लिहिली.

याच प्रयोगशाळेत १९४७ साली मार्क-दोन या पुढील यंत्राच्या एका विद्युत्-खटक्यात अडकलेला पतंग सापडला, तो नोंदवहीत चिकटविण्यात आला व यंत्रातील दोषास किड्याचे नाव त्यावरूनच पडले, अशी गोष्ट सर्वत्र सांगतात. पतंग खरोखरच सापडला आणि ती नोंदवहीही जपून ठेवलेली आहे. परंतु यंत्रातील दोषाला हा शब्द त्यापूर्वी कित्येक वर्षे अभियंते वापरीत होते, आणि पतंग शोधणारे ग्रेसबाईंचे सहकारी होते. बाई ती गोष्ट रंगवून सांगत, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली.

युद्धानंतर काही वर्षे त्यांस फार कठीण गेली. संसार मोडला होता, हार्वर्डमधील जागा कायम होत नव्हती, आणि मद्याच्या आहारी जाण्याइतके मन खचले होते. मित्रांनी त्यांस सावरले. थोरांच्या चरित्रांतून असे प्रसंग गाळण्याची आपल्याकडे चाल आहे, परंतु यानंतर त्यांनी जे केले त्याची किंमत हा प्रसंग ठाऊक असल्यावाचून कळणार नाही.

१९४९ साली त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट व मॉकली यांच्या कंपनीत गेल्या. युनिव्हॅक हा व्यापारी कामाचा संगणक तेथे तयार होत होता. तेथे त्यांच्या लक्षात एक साधी गोष्ट आली. आज्ञा रचणारे लोक एकदा सिद्ध झालेली गणिताची कृती आपापल्या वहीत उतरवून ठेवीत व पुढील कामात ती हाताने नकलून काढीत. नकलताना आकडे चुकत, आणि चूक शोधण्यात दिवसच्या दिवस जात. ज्या यंत्राचा धर्मच न चुकता नक्कल करणे हा आहे, त्यासच हे काम का सांगू नये? या विचारातून १९५२ साली त्यांनी पहिला कंपायलर सिद्ध केला. सिद्ध कृती चुंबकीय फितीवर साठवावयाच्या आणि केवळ त्यांचा क्रमांक सांगितला की यंत्राने त्या शोधून, जुळवून पूर्ण आज्ञावली स्वतः तयार करावयाची, अशी ही योजना होती. हे चालते यावर बराच काळ कोणी विश्वासच ठेवीना. संगणक अंकगणित करतो, आज्ञावली लिहीत नाही, हेच उत्तर त्यांस मिळे.

पुढची पायरी याहून धाडसाची होती. व्यापारी पेढ्यांतील माणसांस बीजगणिताची चिन्हे नको असतात, त्यांस शब्द हवे असतात. मग इंग्रजी शब्दांतच आज्ञा का देऊ नये? बाईंनी सुमारे वीस आज्ञांचा नमुना करून दाखविला, आणि कंपनीचा विश्वास बसावा म्हणून तीच आज्ञावली फ्रेंच व जर्मन शब्दांतही चालवून दाखविली. झाले उलटेच. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकन यंत्रास फ्रेंच व जर्मन कळते, या कल्पनेने अधिकारी बिचकले! यंत्रास ना इंग्रजी कळते ना जर्मन, त्याच्या दृष्टीने ती सगळी खुणांचीच ओळ असते, हे समजावून देता देता बाईंस कित्येक महिने लागले. आपल्या मराठीतही त्या वेळी हा प्रयोग झाला असता तर तो तितकाच यशस्वी झाला असता, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. या प्रयत्नांतून फ्लो-मॅटिक नावाची भाषा उदयास आली.

त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची बोली निराळी असे. एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्यावर चालत नसे, आणि नवे यंत्र घेतले की सारे लेखन पुन्हा करावे लागे. हा खर्च टाळावा म्हणून मे १९५९ मध्ये अमेरिकन संरक्षणखात्याच्या पुढाकाराने सरकारी व व्यापारी तज्ज्ञांची बैठक भरली, आणि तिच्या समित्यांतून कोबोल ही भाषा जन्मास आली. ग्रेसबाईंस कोबोलची जननी म्हणतात ते अर्धेच खरे आहे. प्रत्यक्ष भाषा रचणाऱ्या समितीत त्या नव्हत्या; तेथे जीन सॅमेट प्रभृतींनी श्रम केले. परंतु त्या रचनेचा मुख्य आधार फ्लो-मॅटिक हाच होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल आज्ञावली आर. सी. ए. व युनिव्हॅक या दोन भिन्न कंपन्यांच्या यंत्रांवर अल्पशा फरकाने चालवून दाखविण्यात आली, तेव्हा शंकेखोरांची तोंडे बंद झाली.

या भाषेस विद्वानांनी नावेही पुष्कळ ठेवली. ती शब्दबंबाळ आहे असे कोणी म्हटले; तिने बुद्धीस वाईट वळण लागते, असे हॉलंडमधील एका नामांकित संगणकशास्त्रज्ञाने १९७५ साली लिहिले. टीका अगदीच खोटी नव्हती. परंतु पगार, व्याज, विम्याचे हप्ते यांचे हिशेब करणाऱ्यांस ती सोयीची पडली आणि मेनफ्रेमवर तिचे ठाणे पक्के बसले.

१९६६ च्या अखेरीस वयोमानामुळे नौदलाने ग्रेसबाईंस निवृत्त केले. सात महिने गेले नाहीत तोच, ऑगस्ट १९६७ मध्ये, त्यांस परत बोलाविण्यात आले. कारण नौदलातील निरनिराळ्या कचेऱ्यांत कोबोलचेही निरनिराळे अवतार झाले होते व एकाचे दुसऱ्याशी जुळेना. नेमणूक सहा महिन्यांची होती. ती एकोणीस वर्षे चालली. कोणत्याही कंपनीचा कंपायलर ठरलेल्या नियमांस धरून आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी परीक्षांचा संच तयार करविला. काम नीरस खरे, पण आज जुन्या आज्ञावल्या नव्या मेनफ्रेमवर चालू शकतात, याचे पुष्कळसे श्रेय अशा नीरस कामाकडे जाते.

जुन्या-नव्याचा सांधा प्रत्यक्षात कसा जोडतात याचे उदाहरण आपल्या आगगाड्यांत आहे. १९८५-८६ च्या सुमारास दिल्ली येथे आरक्षणाचे काम व्हॅक्स नावाच्या संगणकांवर सुरू झाले. तेव्हा तिकीट खिडकीवरच मिळे. २००२ साली घरबसल्या तिकीट काढण्याची सोय झाली, तेव्हा मागील आरक्षणव्यवस्था मोडून टाकण्यात आली नाही. नवी आज्ञावली पुढे उभी राहिली. ती प्रवाशाची मागणी घेते, जुन्या व्यवस्थेस कळेल अशा रूपात तिच्यापुढे ठेवते, आणि आलेले उत्तर पुन्हा प्रवाशास समजेल असे करून देते. बँकांतही बहुधा हीच रीत असते. काही ठिकाणी मागण्या रांगेत लावून एकेक पुढे सरकवितात, काही ठिकाणी रात्री खात्यांची नक्कल काढून नव्या यंत्रास देतात. जुन्या आज्ञावलीच्या पोटात हात घालण्याचा प्रसंग शक्यतो येऊ देत नाहीत, कारण ती लिहिणारा मनुष्य निवृत्त झालेला असतो व तिच्यातील प्रत्येक विचित्र ओळीस काही तरी कारण असू शकते. म्हणजे मोडी जाणणारा कारकूनच तो. फक्त आता तो यंत्रात बसतो.

विशेष हे की, ग्रेसबाई स्वतः जुन्यास चिकटून राहणाऱ्यांच्या कट्टर वैरी होत्या. पूर्वापार असेच चालत आले आहे, हे कारण त्यांस मुळीच खपत नसे. त्यांच्या खोलीतील घड्याळाचे काटे उलटे फिरत, पण वेळ बरोबर दाखवीत. रीत बदलली म्हणून काम अडत नाही हे पाहुण्यांस दिसावे, हा हेतू. व्याख्यानांत त्या सुमारे फूटभर लांबीची तार दाखवीत; एका सेकंदाच्या अब्जांश भागात वीज जास्तीत जास्त इतकीच जाऊ शकते, हे श्रोत्यांस डोळ्यांनी दिसे. अशा बाईंच्या परिश्रमाचे फळ आज जुने म्हणून ओळखले जावे, हा काळाचा महिमा.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी बोस्टन बंदरातील कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर त्यांचा निवृत्तिसमारंभ झाला. त्या वेळी त्यांचे वय एकोणऐंशी होते व हुद्दा रिअर ॲडमिरलचा होता. घरी बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्या डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या सल्लागार झाल्या. आपल्या आगगाड्यांची आरक्षणे सांभाळणारे व्हॅक्स संगणक याच कंपनीने बनविलेले होते.

१९९९ सालची शेवटची रात्र पाहावी आणि संगणकास हे कधी जमणार नाही म्हणणाऱ्यांस त्या दिवशी मागे वळून उत्तर द्यावे, अशी इच्छा त्या बोलून दाखवीत. तो योग आला नाही. १ जानेवारी १९९२ रोजी आर्लिंग्टन येथे झोपेतच त्यांचा अंत झाला. नंतर बरोबर आठ वर्षांनी ती रात्र आली. जागा वाचविण्यासाठी जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे दोनच आकडे लिहिलेले होते. २००० साल यंत्रास १९०० वाटेल या भीतीने मागील काही वर्षे पुण्या-मुंबईतील शेकडो मराठी तरुण परदेशी पेढ्यांच्या कोबोलच्या ओळी एकेक करून तपासीत होते. बारा वाजून गेले, नवे साल लागले, आणि खातेवह्या चालू राहिल्या.