दोन्ही हातांनी चेंडू टाकणारा पोलीस. कोण होता टोनी मुलेन?

आयर्लंडमधील कॉर्क येथे १८५९ मध्ये जन्मलेला टोनी मुलेन अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलमधील नामांकित पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू झाला. १८८२ मध्ये त्याने एकाच सामन्यात दोन्ही हातांनी चेंडू टाकले.

१८८४ मध्ये टोलेडो संघात कृष्णवर्णीय फ्लीट वॉकर त्याचा कॅचर होता. वॉकर उत्तम कॅचर असल्याचे मुलेनने पुढे मान्य केले. पण वर्णद्वेषापोटी तो त्याच्या खुणा पाळत नसे. कोणता चेंडू येणार हे न कळताच वॉकरला तो झेलावा लागे.

१८८५ मध्ये संघबदलाच्या वादातून मुलेनवर वर्षभर बंदी आली. एकूण २८४ विजय मिळवणारा मुलेन नंतर शिकागो पोलीस दलात गेला आणि १९२४ मध्ये निवृत्त झाला. १९४४ मध्ये त्याचे निधन झाले. विक्रमांच्या यादीत २८४ विजय आहेत. वॉकरने सोसलेल्या अपमानाचा रकाना तिथे नाही.