चार वर्षांची मुदत

हुशार विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती मिळाली म्हणजे त्याची वाट मोकळी झाली, असे आपल्याला वाटते. परंतु शिष्यवृत्तीला मुदत असते, अटी असतात. आणि कधी कधी अभ्यास पुरा होण्यापूर्वीच ती संपून जाते. अशा वेळी काय करावयाचे, हा प्रश्न डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्यापुढे ते सव्वीस वर्षांचे असताना उभा राहिला. पुढे भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ज्यांची कीर्ती झाली, त्यांचे कायद्याचे शिक्षण एके काळी अर्ध्यावरच थांबले होते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिक्षक होते. आई भीमाबाई भीमराव लहान असतानाच वारल्या. हे कुटुंब महार जातीचे. त्या काळी या जातीला अस्पृश्य मानीत. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी शाळेतील नळाला त्यांनी हात लावावयाचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळावयाचे.

पुढे रामजी मुलांना घेऊन मुंबईस आले. चाळीतील एकाच खोलीत सारा संसार. जागा अपुरी, म्हणून भीमराव संध्याकाळीच निजत, आणि रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागून मुलाला अभ्यासासाठी उठवीत. भीमरावांना पुस्तकांचे विलक्षण वेड होते. जवळ पैसे नसले म्हणजे रामजी आपल्या लेकींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि मुलाला पुस्तक घेऊन देत.

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या समाजात ही गोष्ट अत्यंत दुर्मीळ होती. त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. त्या सभेस कृष्णराव अर्जुन केळूसकर हे विद्वान शिक्षक उपस्थित होते. बागेत एकटाच वाचीत बसणारा हा मुलगा त्यांच्या परिचयाचा होता. रामजींची नोकरी संपलेली. कॉलेजचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेरचा. तेव्हा केळूसकर भीमरावांना घेऊन बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले. उत्तरांनी त्यांचे समाधान झाले आणि त्यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या आधारावर एल्फिन्स्टन कॉलेजातून भीमराव बी. ए. झाले.

१९१३ च्या आरंभी ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. मुलाच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचणारा पिता गेला. त्याच वर्षी महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस पाठविण्याचे ठरविले. भीमरावांची निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारावर सही केली. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची, अशी अट होती. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती, व तिची मुदत तीन वर्षांची होती.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमरावांनी या मुदतीचे चीज केले. मिळालेल्या पैशांतून काही भाग ते घरी पाठवीत. उरलेल्यात काटकसरीने राहत, आणि त्यातूनही जुनी पुस्तके विकत घेत. अर्थशास्त्राचे नामांकित प्राध्यापक सेलिग्मन यांचा त्यांच्यावर लोभ जडला. वसतिगृहात नवल भथेना नावाचे पारशी गृहस्थ त्यांच्या खोलीत राहत होते. त्यांच्याशी आयुष्यभराचा स्नेह जुळला. १९१५ साली भीमराव एम. ए. झाले, आणि पुढच्या वर्षी त्यांनी डॉक्टरेटसाठी प्रबंध सादर केला.

आता तीन वर्षे संपत आली होती. पण भीमरावांना आणखी एक शिक्षण हवे होते, ते म्हणजे कायद्याचे. ज्या समाजाला साध्या पाण्याचाही हक्क नाकारला जातो, त्याची बाजू न्यायालयात आणि राज्यकर्त्यांपुढे मांडावयाची तर कायद्याचे ज्ञान हवे. म्हणून मुदत वाढवून घेऊन ते १९१६ साली लंडनला गेले. त्या काळी बॅरिस्टर होण्यासाठी लंडनमधील चार जुन्या संस्थांपैकी एकीत नाव नोंदवावे लागे. या संस्थांना इन म्हणतात. विद्यार्थ्याने तेथे ठरावीक सत्रे भरावयाची, प्रत्येक सत्रात इनच्या भोजनगृहात नेमून दिलेल्या वेळा जेवावयाचे, आणि परीक्षा द्यावयाच्या, असा तेथील नियम. भीमरावांनी ग्रेज इनमध्ये नाव घातले, आणि त्याचबरोबर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या संस्थेत अर्थशास्त्राचा अभ्यासही सुरू केला.

एक वर्ष उलटते न उलटते तोच शिष्यवृत्ती संपली आणि परत येण्याविषयी बडोद्याहून आज्ञा आली. बॅरिस्टरीचा अभ्यास अपुरा, अर्थशास्त्राचाही अपुरा. अशा वेळी दुसरा एखादा विद्यार्थी नशिबाला दोष देऊन गप्प बसला असता. भीमरावांनी मात्र निघण्यापूर्वी लंडन विद्यापीठाची परवानगी मिळविली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास पुढील अभ्यास करता येईल, असे त्यांना कळविण्यात आले. वाट बंद झाली होती. पण दाराची कडी त्यांनी आपल्या हाती ठेवली.

ते दिवस पहिल्या महायुद्धाचे होते. भीमराव सुखरूप मुंबईस पोहोचले. परंतु त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते शत्रूच्या पाणतीराने बुडाले, आणि पुस्तकेही समुद्रात गेली. सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले, त्यांतूनच त्यांनी बडोद्याच्या प्रवासाचा खर्च भागविला. कराराप्रमाणे नोकरी करण्यासाठी ते सप्टेंबर १९१७ मध्ये तेथे हजर झाले.

महाराजांनी त्यांना लष्करी सचिवाचे पद दिले होते. पण कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने त्यांच्या मेजावर कागद लांबून टाकीत. प्यावयास पाणी मिळत नसे. राहावयास कोणी घर देईना. नाव बदलून ते एका पारशी खाणावळीत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या मंडळींनी त्यांना तेथून बाहेर काढले. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला हा विद्वान एका सार्वजनिक बागेत दिवसभर बसून राहिला, आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. दहा वर्षांची अट पाळण्यास ते तयार होते. पण त्या शहरात त्यांना डोके टेकण्यासही जागा मिळाली नाही.

मुदतीची वर्षे सरत होती. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा उद्योग मांडला. पण जात समजताच गिऱ्हाईके येईनाशी झाली. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा साडेचारशे रुपये होता. एवढ्या पगारात सुखाने राहता आले असते. परंतु भीमराव परळच्या चाळीतच राहिले. पत्नी रमाबाई मोजक्या पैशांत घर चालवीत, आणि उरलेला प्रत्येक रुपया लंडनसाठी बाजूला पडे.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. साठविलेली रक्कम पुरेशी नव्हती. कोल्हापूरचे शाहू महाराज यांनी मदत केली; मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. त्याच वर्षी भीमराव पुन्हा लंडनला पोहोचले. मुदत संपण्यास अजून एक वर्ष शिल्लक होते.

या वेळी कोणतीही शिष्यवृत्ती नव्हती. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडले की ते आत जात, आणि बंद होईपर्यंत वाचीत. दुपारच्या जेवणाला बहुधा फाटाच मिळे. रात्री भूक लागली म्हणजे स्नेह्याने दिलेल्या पापडांतील चार पापड पत्र्यावर भाजून खात, आणि पुन्हा पुस्तक उघडीत. तिकडे मुंबईत रमाबाई तितक्याच हालात दिवस काढीत होत्या. त्यांनी सोसले नसते, तर भीमरावांचे शिक्षण पुरे झाले नसते.

१९२१ साली भीमरावांना अर्थशास्त्राची एम. एस्सी. ही पदवी मिळाली. १९२२ साली ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, आणि १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

पुढे ते मुंबईच्या सरकारी कायदा महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री झाले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीवर त्यांची निवड झाली, आणि तिचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. कोणत्याही स्वरूपातील अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा होय, असे आज आपली घटना सांगते. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने त्यांना कायद्याची सन्माननीय पदवी अर्पण केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

पैशांवाचून अडलेला अभ्यास म्हणजे काय, हे बाबासाहेब कधीही विसरले नाहीत. मध्यवर्ती सरकारात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून प्रयत्न केले, आणि १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी त्या सुरू झाल्या. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली, आणि पुढल्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. नोकरी करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यांनाही शिकता यावे, म्हणून तेथे सकाळी वर्ग भरत. एका मुलाला दरमहा पंचवीस रुपये मिळाले होते. त्या मुलाने त्याची परतफेड हजारो मुलांचा मार्ग मोकळा करून केली.