दोन भाषांचा राजा : मिनँडर

अलेक्झांडर भारतात आला आणि परत गेला, एवढे आपण सर्वजण शाळेत शिकलो. परंतु त्याच्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी पंजाबात राज्य करणारा एक ग्रीक राजा इथलाच होऊन राहिला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्याचे नाव मिनँडर. बौद्ध ग्रंथांतला मिलिंद तो हाच.

त्याचा जन्म ग्रीसमध्ये झाला नाही. परंपरा सांगते की तो अलसंदा प्रांतातील एका खेड्यात जन्मला. विद्वान हा प्रदेश काबूलच्या उत्तरेकडे मानतात. इ. स. पूर्व १५५ ते १३० च्या सुमारास त्याने राज्य केले. राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचे सियालकोट. तेथील बाजारपेठेत काशीच्या वस्त्रांची दुकाने होती, असे वर्णन ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे.

याच ग्रंथात भिक्षू नागसेन आणि राजा यांचा वाद आहे. नागसेनाने आधीच अट घातली, की वाद पंडितांच्या रीतीने व्हावा, राजांच्या रीतीने नव्हे. कारण पंडित हरला तरी रागावत नाही, राजा मात्र दंड करतो. मिनँडरने ती मान्य केली. सैन्य पदरी असणाऱ्याने अशी अट स्वीकारावी, यातच त्याचा मोठेपणा दिसतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. त्यामुळे मला या राजाची ओळख खरी पटली ती त्याच्या चांदीच्या नाण्यांवरून. एका बाजूस राजाचा मुखवटा व भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस वज्र फेकणारी अथेना देवी व भोवती खरोष्ठी लिपीतील प्राकृत. मजकूर दोन्हीकडे एकच : तारणहार महाराज मिनँडर याचे नाणे. वजनही त्याने ग्रीक ठेवले नाही. ग्रीक द्रख्म सव्वाचार ग्रॅमच्या आसपास असे. याचा जेमतेम अडीच ग्रॅमचा, इथल्या मापाचा. ही पद्धत त्याच्या आधीच्या राजांनी सुरू केली होती. पण त्याने ती फार मोठ्या प्रमाणावर चालविली.

वाचकहो, नाणे चालते ते घेणाऱ्याच्या विश्वासावर. घेणाऱ्याला आपली लिपी दिसली, आपले वजन हाताला लागले, की विश्वास बसतो. मिनँडरने प्रजेची भाषा कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिली नाही, पूर्ण कडेने लिहिली. आणि तसे करताना त्याची ग्रीक काही उणावली नाही. घरी मराठीत हिशेब मांडून बाजारात कन्नडमध्ये व्यवहार करणाऱ्या माझ्यासारख्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

त्याच्या मृत्यूच्या दोन कथा आहेत. बौद्ध परंपरेप्रमाणे त्याने राज्य मुलाला देऊन प्रव्रज्या घेतली. ग्रीक लेखक प्लुटार्क म्हणतो, तो छावणीत वारला आणि त्याच्या रक्षेसाठी नगरे भांडली. शेवटी ती वाटून घेऊन प्रत्येकाने स्मारक उभारले. खरे कोणतेही असो, लोकांनी त्याला परका मानले नाही एवढे दोन्हींतून दिसते. डॉ. आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत स्थापन केलेल्या महाविद्यालयाला मिलिंद हेच नाव मिळाले.

त्याची नाणी त्याच्यामागे जवळजवळ दोनशे वर्षांनीही भडोचच्या बंदरात चालत होती. आपला दाम हा शब्दही त्या द्रख्माचाच वंशज. दामदुपटीचा नियम पाठ करताना हे मला नेहमी आठवते.

पुढे खरोष्ठी वाचणारा कोणी उरला नाही. १८३० नंतरच्या दशकात जेम्स प्रिन्सेप आदी संशोधकांनी हीच नाणी पुढे ठेवून, ग्रीक नावांच्या आधाराने, एकेक खरोष्ठी अक्षर पुन्हा लावले. शेजारी बसलेल्या एका भाषेने दुसरीला मरणातून परत आणले. आपल्या या अंकातही दोन भाषा शेजारी बसल्या आहेत. त्यांनी एकमेकींना असेच सांभाळावे.